चेहरेच तसे

ठिणगी हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते तिला इस्पितळाच्या धुलाई विभागात पडलं, तेही कामावर लागून आठवडा व्हायच्या आत. चहाच्या सुट्टीत मुकादम टाळ्या वाजवत "चला गं, चला, उठा" करत आला. बाकीच्या बायका अर्धे कप तसेच ठेवून उठल्या. ही नवीन आलेली काडीसारखी पोर जागची हलली नाही. "आम्ही काय कोंबड्या आहोत का टाळ्या वाजवून हाकलायला? चहा संपला की येते," म्हणाली आणि खरंच शेवटचा घोट घेऊनच उठली. मुकादमाला रागावायचं होतं, पण त्याला हसू फुटलं. "ही बाई नाही, ठिणगी आहे," तो म्हणाला. ते चिकटलं ते चिकटलंच.

त्याला आता खूप वर्षं झाली. ठिणगी अंगाने भरली, केसांत पांढरं डोकावायला लागलं, मुकादम निवृत्त होऊन गेला, पण नाव अजून शोभत होतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, शांत माणूस. तो म्हणायचा, "हिला भडकायला कारण लागत नाही." हे मात्र साफ खोटं होतं. कारण तिला लागायचंच. इतरांच्या नजरेतून सुटलेलं कारण तिला लांबून दिसायचं, एवढंच.

धुलाई विभाग तळघरात होता. वरच्या मजल्यांवरून कॅनव्हासच्या पिशव्या भरून मळके कपडे यायचे. रक्ताचे, उलटीचे, औषध सांडलेले कपडे हाताने वेगळे काढायचे, उकळत्या पाण्याच्या यंत्रात घालायचे, पिळून निघाले की रोलरवर न्यायचे. रोलर म्हणजे खोलीभर लांबीचं, वाफेवर तापणारं लोखंडी लाटणंच. चादरीची दोन टोकं दोघींनी समोरासमोर उभं राहून धरायची, ताणायची आणि एका लयीत आत सारायची. ठिणगीच्या समोर कायम मोठी ताई असायची. वयाने सगळ्यांत मोठी, बोलायला सगळ्यांत कमी. दिवसभर तोच चेहरा समोर, वर्षानुवर्षं. त्यामुळे मोठ्या ताईचा चेहरा ठिणगीला स्वतःच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ होता. काळासावळा, रुंद कपाळाचा, हसायच्या आधी एक भुवई किंचित वर जाणारा. डाव्या गालावर भाजल्याचा डाग होता. वाफेचा पाइप फुटला तेव्हा शेजारच्या पोरीला मागे खेचताना तो झाला होता. ताई त्याबद्दल कधी बोलायची नाही, आणि डाग लपवायचीही नाही.

इस्पितळाचा वर्धापनदिन आला आणि वरून फर्मान सुटलं, की सगळ्या कर्मचाऱ्यांचे फोटो काढून प्रवेशद्वाराशी मोठा फलक लावायचा. 'आपलं कुटुंब' असं त्याला नावही ठरलं. फोटोग्राफर आला तो गाडीभर सामान घेऊन. सभागृहात त्याने उंच स्टँड उभे केले, त्यांवर दिवे, दिव्यांवर पांढऱ्या छत्र्या, मागे करडा पडदा. डॉक्टरमंडळी एकेक करून आत गेली, ऐसपैस बसली, मान इकडे करा, हनुवटी थोडी खाली घ्या, असं सगळं यथासांग झालं. मग परिचारिका, मग कार्यालयातले लोक. धुलाईच्या बायकांना निरोप आला तेव्हा त्या हातपाय धुऊन, स्वच्छ एप्रन घालून वर गेल्या, तर त्यांना सभागृहाच्या दारातच अडवलं. आत जेवणाची टेबलं मांडायची घाई चालली होती. फोटोग्राफर दिवे न घेताच बाहेर आला. कॅमेऱ्यावर एक फ्लॅश बसवलेला, तेवढाच. मार्गिकेच्या भिंतीला पाठ लावून एकेकीला उभं केलं. फटक. पुढची. फटक. पुढची. चादरीसुद्धा रोलरमध्ये याहून सावकाश जातात, असं ठिणगीला वाटून गेलं.

फलक लागला त्या दिवशी सगळ्या जणी जेवणाच्या सुट्टीत बघायला गेल्या. वरच्या ओळींत डॉक्टर होते. काय ते डॉक्टर! गालांवर मऊ उजेड, डोळ्यांत चमक, प्रत्येक जण घरचा वाटावा असा. सगळ्यांत खाली धुलाई, सफाई आणि स्वयंपाकघर. कपाळं तेलाने माखल्यासारखी चकाकत होती, डोळे लालभडक, प्रत्येकीच्या मागे भिंतीवर कोळशाने काढल्यासारखी काळी सावली. पोलीस ठाण्यात पाट्या धरून उभं करतात ना, तश्श्या. फक्त पाट्या नव्हत्या. आणि मोठ्या ताईचे डोळे चक्क मिटलेले! तिला कोणी जिवंत माणूस म्हटलं नसतं.

बायका खिदळायला लागल्या. हसण्यावारी नेलं की लागत नाही, म्हणून. "बाई गं, मी तर दरोडेखोर दिसतेय," एक म्हणाली. मोठी ताई हसली नाही. ती क्षणभर स्वतःच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली, मग म्हणाली, "चला, चादरी पडल्यात," आणि जिना उतरायला लागली.

ठिणगी मात्र उतरली नाही. ती तशीच तरातरा व्यवस्थापकांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"साहेब, आमचे फोटो बघितलेत?"

व्यवस्थापक भला वाटणारा माणूस होता. कोणावर आवाज चढवायचा नाही. "हो, हो. छान झालाय फलक."

"मोठ्या ताईचे डोळे मिटलेत. तोच लावलात तुम्ही? पुन्हा काढता आला नसता?"

"अहो, एवढ्या लोकांत एखादा जातो इकडेतिकडे."

"एखादा नाही. आमची अख्खी ओळ गेलीय. वरच्यांचे बघा आणि आमचे बघा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. समजूत घालायच्या सुरात म्हणाले, "ताई, रागावू नका. फोटोग्राफर तोच, कॅमेरा तोच. आता काहींचे चेहरेच तसे असतात, त्याला कोण काय करणार? फोटोत सगळ्यांनाच उठाव येत नाही."

शिवी दिली असती तर ठिणगीने तिथल्या तिथे परत केली असती. पण हे मायेने सांगितलं होतं, ते परत कसं करायचं? ती खाली आली आणि उरलेला दिवस चादरी अशा ताणत राहिली, की मोठी ताई शेवटी म्हणाली, "अगं, फाडशील."

घरी गेल्यावर तिने कपाटाच्या वरच्या फळीवरून धाकट्या दिराचा कॅमेरा काढला. दिराला एके काळी फोटोंचं वेड लागलं होतं. वेड उतरलं, लग्न झालं, दीर दुसऱ्या गावी गेला, कॅमेरा इथेच राहिला. नवरा बघत होता.

"काय करतेस?"

"चेहरेच तसे असतात का, ते बघायचंय मला."

नवऱ्याने पुढे काही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं, की असा आवाज लागला की लिफ्ट वरच जाणार. मधल्या मजल्यावर थांबवायला जाण्यात अर्थ नाही.

फोटोचं एक जुनं दुकान बंद होत होतं. तिथून तिने वापरलेला फ्लॅश, एक स्टँड आणि कॅमेऱ्यावर बसवून लांबचा फ्लॅश पेटवणारा ट्रिगर आणला. घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत सासूबाईंचा पलंग, टीव्ही आणि शिलाई मशीन. रविवारी दुपारी तिने पडदे ओढले, मशीन बाहेर काढलं आणि सासूबाईंना स्टुलावर बसवलं. ऐंशीला टेकलेल्या सासूबाई कुरकुरत बसल्या. ठिणगीने फ्लॅश सरळ कॅमेऱ्यावर चढवला आणि बटण दाबलं.

"अगं बाई!" सासूबाई ओरडल्या. "फोटो काढतेस की एक्स-रे?"

ठिणगीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं. चकाकणारं कपाळ, मागे काळी सावली, चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन पांढरे स्फोट. हुबेहूब फलकावरच्यासारखा! सासूबाईंचा चेहरा तर ती लग्न झाल्यापासून रोज बघत होती. तो तसा नव्हता.

"म्हणजे चेहऱ्याचा दोष नाही," ती मोठ्याने म्हणाली.

"माझ्या चेहऱ्याचा दोष? माझ्या?" सासूबाईंनी सुनेकडे असं बघितलं, की नवरा आतल्या खोलीत निघून गेला.

पुढचे कित्येक रविवार त्या घरात शांतता नव्हती. फोनवर माणसं शिकवायची ते बघायचं, करून बघायचं, चुकायचं, चिडायचं. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून बाजूला स्टँडवर नेला, तर अर्धा चेहरा उजळला आणि अर्धा विहिरीत पडल्यासारखा झाला. लांब नेला, तर सावल्या आणखी धारदार झाल्या. हे तिला पटेचना. दिवा लांब गेला की उजेड नरम व्हायला हवा ना? पण उलटंच होतं. उजेडाचा तुकडा जितका मोठा आणि माणसाच्या जितका जवळ, तितका तो मऊ. लांबून बघितला की मोठा दिवासुद्धा ठिपकाच. हे कळलं त्या दिवशी तिने खोलीत आडवी दोरी बांधली, तिच्यावर घरातली सगळ्यांत जुनी, धुऊन धुऊन मलमलीसारखी झालेली पांढरी चादर टाकली आणि फ्लॅश चादरीच्या मागे उभा केला. चादर सासूबाईंच्या खांद्याला लागेल इतकी जवळ ओढली. दुसऱ्या बाजूला नवऱ्याने थर्माकोलचा पत्रा धरला, म्हणजे तिकडच्या गालावर थोडा उजेड परत फिरावा. स्टूल भिंतीपासून पुढे घेतलं, म्हणजे सावली भिंतीपर्यंत पोचायच्या आधीच जमिनीवर पडावी. चष्म्यातले स्फोट जाईनात, म्हणून दिवा वर चढवला आणि चष्म्याच्या काड्या कानावर जराशा उचलून ठेवल्या.

शेजारीण दार ठोठावून म्हणाली, "घरात वेल्डिंग चाललंय का हो? खिडकीतून नुसता लखलखाट!"

"हो," आतून सासूबाई म्हणाल्या. "मला जोडतायत."

ठिणगीने बटण दाबलं, पडद्यावर बघितलं आणि कॅमेरा सासूबाईंच्या हातात दिला.

म्हातारीने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. एका बाजूने आलेला उजेड गालाच्या हाडावरून घसरत सुरकुत्यांत उतरला होता. डोळ्यांत चादरीचा एक लहानसा पांढरा चौकोन चमकत होता. फोटोतली बाई विचारात होती, जरा खट्याळही होती. सासूबाईंचे ओठ थरथरले. रडतायत की काय, म्हणून ठिणगी पुढे झाली.

पण सासूबाई रडत नव्हत्या. त्या संतापल्या होत्या.

"मी अशी दिसते?" त्या म्हणाल्या. "एवढी वर्षं मी अशी दिसत होते, आणि तुमच्यापैकी एकाने तोंड उघडून सांगितलं नाही?"

थर्माकोल धरून उभा असलेला त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, मला वाटलं तुला माहितीये."

"मला कसं माहीत असणार? मला काय मी दिसते?"

त्या दिवसापासून सासूबाई ठिणगीच्या बाजूच्या झाल्या.

मग कामावरच्या बायका यायला लागल्या. रविवारी एक, कधी दोघी. पहिल्यांदा लाजत, ओठ घट्ट मिटून. पलंगावर बसून सासूबाई सूचना द्यायच्या, "पोरी, श्वास सोड. फोटो आहे, इंजेक्शन नाही." कोणाची कातडी सावळी, कोणाची अगदी काळी. ठिणगीला आता कळत होतं, की काळ्या चेहऱ्यावर नुसता उजेड ओतून भागत नाही. उजेड बाजूने यायला हवा. मग कपाळावर, नाकाच्या कडेवर त्याची एक ओली रेघ उमटते आणि चेहऱ्याला आकार येतो. स्वतःला दरोडेखोर म्हणवून घेणारी फोटोत इतकी देखणी दिसली, की तिने तो नवऱ्याला दाखवायला आधी नकार दिला. "उगाच डोक्यावर बसेल, म्हणेल माझी निवड," म्हणाली.

सगळ्यांत शेवटी मोठी ताई आली. आणि तिथे गाडी अडली.

फटक. डोळे मिटलेले. पुन्हा. मिटलेले. तीन म्हटलं की उघड, असं करून बघितलं. मिटलेले. दोघी घामाघूम झाल्या. मोठी ताई स्टुलावरून उठली. "राहू दे," ती शांतपणे म्हणाली. "माझं असंच आहे. ते साहेब म्हणाले ते काही खोटं नाही."

ताईलाही ते वाक्य माहीत आहे, हे ठिणगीला तेव्हा कळलं. साहेबांनी तिलाही मायेने सांगितलं असणार. ताई गेल्यावर ठिणगीने कॅमेरा पिशवीत घातला आणि तडक त्या फोटोग्राफरचं दुकान गाठलं. खरं तर तिला भांडायचं होतं.

फोटोग्राफर दुकानात एकटाच जेवणाचा डबा उघडून बसला होता. दिसायला चकचकीत नव्हता. जवळून बघितलं तर डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. तिने फलकाचा विषय काढला आणि तोंडाला येईल ते सुनावलं. त्याने घास खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. मग कॅमेऱ्यातले मोठ्या ताईचे फोटो बघितले, आणि फ्लॅश हातात घेऊन म्हणाला, "हा ऑटोवर आहे."

"मग?"

"ऑटोवर असला की तो दोनदा पेटतो. आधी एक बारीकसा, उजेड किती लागेल ते मोजायला. मग खरा. आपल्याला एकच वाटतो, पण काही लोकांच्या पापण्या फार चपळ असतात. पहिल्याला मिटतात, आणि दुसऱ्याला फोटो निघतो." त्याने एक बटण फिरवलं. "मॅन्युअलवर ठेवा. ताकद आपण ठरवायची. मग एकदाच पेटेल. पापणी मिटेपर्यंत काम झालेलं असेल."

सासूबाईंच्या पापण्या हलायलाच वेळ लागायचा, बाकीच्या बायकांच्याही एवढ्या चपळ नव्हत्या, म्हणून घरी हे कधी लक्षात आलं नव्हतं. मग तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली.

"म्हणजे हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं?"

"हो."

"ताईचे डोळे मिटले, तेही दिसलं होतं?"

"दिसलं होतं. म्हणालो, पुन्हा घेतो. तर कार्यालयातले लोक म्हणाले, उरका, जेवण थंड होतंय. सभागृहातले दिवेही मी हलवणार नव्हतो. जेवणाची टेबलं मांडायची म्हणून काढायला लावले."

"माहीत नसतं ना, तर मी तुम्हाला माफ केलं असतं," ठिणगी म्हणाली.

फोटोग्राफरने मान खाली घातली. "पुढच्या वर्षीचं कामही त्यांच्याकडूनच मिळायचंय मला," एवढंच बोलला. रस्त्याने परत येताना ठिणगीला त्याचा राग येत होता आणि येतही नव्हता. त्यामुळे ती जास्तच चिडली. राग कसा एका ठिकाणी नीट बसायला हवा. हा मधल्यामधे लोंबकळत राहिला.

पुढच्या रविवारी मोठी ताई यायला तयारच नव्हती. सासूबाईंनी फोन करून तिला दटावलं, तेव्हा आली. चादर जवळ ओढली, दिवा जरा वर घेतला, फ्लॅश मॅन्युअलवर टाकला. ठिणगी म्हणाली, "ताई, माझ्याकडे बघ. चादर धरलीयस असं समज. हं, ताण."

मोठ्या ताईची एक भुवई किंचित वर गेली. फटक.

डोळे उघडे होते. नुसते उघडे नव्हते, समोरच्या माणसाला ओळखत होते. उजेड डाव्या बाजूने आला होता, आणि गालावरचा डाग त्यात लपला नव्हता, की ओंगळही दिसत नव्हता. बाकीच्या चेहऱ्यासारखाच तोही तिचा होता. मोठ्या ताईने फोटोकडे खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, "आले की गं मी."

सगळ्यांचे फोटो मोठे छापून घेतले आणि ठिणगी ते व्यवस्थापकांकडे घेऊन गेली. फलकावरची खालची ओळ बदला, एवढीच मागणी. साहेब खूश झाले. एकेक फोटो उजेडात धरून बघत म्हणाले, "वा! तुम्ही काढलेत? कमाल आहे. फलक काय, एकदा छापला तो छापला, पुढच्या वर्षी बघू. पण हे राहू द्या माझ्याकडे. फाइलही पाठवून द्या. काहीतरी करू."

ठिणगीने पाठवून दिली. काहीतरी करू म्हणाले, त्यावर तिने भरवसा ठेवला. तिचा हा भोळेपणा बऱ्याच जणांना माहीत नव्हता. भडक माणसं नेहमीच संशयी असतात असं थोडंच आहे?

काही महिन्यांनी प्रवेशद्वारातल्या दर्शनी भिंतीवर पुरुषभर उंचीचं, मागून दिवा असलेलं पोस्टर लागलं. त्यावर मोठी ताई होती. 'तुमची काळजी, आमचं हसू' असं खाली लिहिलेलं. खालच्या मजल्यावर बातमी आली आणि सगळ्या जणी यंत्रं सोडून वर धावल्या. ठिणगी सगळ्यांत पुढे. जवळ जाऊन तिने वर बघितलं.

भुवई तीच होती, पण खालचा चेहरा दुसराच. रंग दोन-तीन छटा गोरा करून टाकलेला. डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या साफ. केसांतलं पांढरं गायब. आणि डाव्या गालावर काही म्हणजे काहीच नव्हतं, नव्या बशीसारखी गुळगुळीत कातडी. ब्लीचमध्ये चुकून रंगीत कपडा पडला की तो जसा बाहेर येतो, तसा तो चेहरा झाला होता.

आधी म्हणाले, चेहराच फोटोत येत नाही. आता आला, तर पुसून टाकला! ती वळली आणि व्यवस्थापकांच्या दालनाकडे निघाली. या खेपेला मोठी ताईही तिच्या मागोमाग आली. ठिणगीने न बोलावता.

"साहेब, हे कोणी केलं?" ठिणगीचा आवाज मार्गिकेच्या टोकापर्यंत गेला.

साहेब मनापासून गोंधळले. "का? आवडलं नाही? जाहिरातवाल्यांनी इतकी मेहनत घेतली. किती सुंदर केलंय त्यांना!"

"केलंय? ती होती! आमच्याकडून सुंदरच मिळाली होती तुम्हाला!" ठिणगी म्हणाली. "आणि कोणाला विचारून लावलंत? तिला विचारलंत?"

"अहो, सन्मान आहे हा. अख्ख्या इस्पितळातून त्यांचा चेहरा निवडला."

तेवढ्यात मोठी ताई बोलली. तिचा आवाज त्या दालनात याआधी कोणी ऐकलाच नव्हता.

"साहेब, ती बाई मी नाही."

"असं कसं? तुमचाच फोटो."

"नाही. हिला वाफ लागलेली नाही. ही कधी तळघरात उतरली नसणार." ताई अगदी साधेपणाने बोलत होती. "तुम्हाला हीच हवी असेल तर उद्यापासून हिला रोलरवर पाठवा. मी घरी बसते."

साहेबांनी पुन्हा चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, बघतो, वर विचारतो, प्रक्रिया असते, थोडा वेळ द्या. ठिणगीला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण ताईने तिचा दंड धरून तिला बाहेर काढलं.

थोडा वेळ म्हणजे किती, ते कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून मोठ्या ताईने एक काम केलं. जेवणाच्या सुट्टीत ती वर जायची आणि पोस्टरखाली जाऊन उभी राहायची. घोषणा नाही, पाटी नाही, काही नाही. एप्रनवर, हात पुढे बांधून, फक्त उभी. येणारेजाणारे वर बघायचे, मग खाली बघायचे, मग पुन्हा वर. लहान मुलं तर बोट दाखवूनच विचारायची, "आई, ही बाई तीच का?" आणि आयांना काय उत्तर द्यावं ते कळायचं नाही. पहारेकरी जवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, इथे काय काम काढलंत?"

"काही नाही," ताई म्हणाली. "ही वरची बाई कुठे भेटेल, ते बघतेय. तुला कधी दिसली का?"

पहारेकऱ्याने वर बघितलं, ताईकडे बघितलं, आणि टोपी सारखी करत परत जागेवर गेला. दुसऱ्या दिवशी ठिणगी तिच्या शेजारी उभी राहिली. गप्प उभं राहणं म्हणजे काय शिक्षा असते, ते तिला त्या दिवशी कळलं. दोनदा तोंड उघडलं, दोन्ही वेळा ताईने कोपराने ढोसलं. मग बाकीच्या बायका आल्या, सफाईवाल्या आल्या. डॉक्टर घाईघाईने बाजूने जायचे. एक म्हातारा डॉक्टर मात्र थांबला, ताईच्या गालाकडे बघून म्हणाला, "पाइप फुटला तेव्हा मीच मलमपट्टी केली होती ना तुम्हाला?" आणि सरळ व्यवस्थापकांच्या दालनात गेला.

एका सकाळी पोस्टर नव्हतं. साहेबांनी निरोप पाठवला, की मूळ फोटो जसाच्या तसा लावायचा विचार चालू आहे. विचार चालूच राहिला. थोड्या दिवसांनी तिथे वाहनतळाचे नियम लागले. ठिणगीने ते बघितलं आणि दिवसभर कोणाशी धड बोलली नाही. "आपण जिंकलो की गं," एक जण म्हणाली, तर ती उसळली, "काय जिंकलो? खोटं उतरवलं त्यांनी, खरं कुठे लावलंय?" आणि यात तिचं काय चुकलं, हे मलाही सांगता यायचं नाही.

मूळ फोटो धुलाई विभागातच लागले, घड्या घालायच्या टेबलाच्या वर, वाफ लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घालून. कोणाची परवानगी घेतली नाही आणि कोणी काढायलाही आलं नाही. मोठी ताई पुढे निवृत्त झाली, तेव्हा आपला फोटो घरी घेऊन गेली. त्या जागी ठिणगीने दुसरी प्रत लावली.

रविवारचं काम थांबलं नाही. आता सफाईवाले येतात, रुग्णवाहिकेचे चालक येतात. तो म्हातारा डॉक्टरही एकदा आला आणि जिन्यात पाळी येईपर्यंत बसला. परवाच्या रविवारी उपाहारगृहात भांडी घासणारी बाई आली. स्टुलावर टेकतानाच तिने सांगून टाकलं, "माझा फोटो काही चांगला येत नाही हं. आधीच सांगते."

"कोण म्हणालं?" ठिणगीने विचारलं.

"म्हणजे?"

"कोण म्हणालं तुला असं? त्याचं नाव सांग."

बाई विचारात पडली. तिने डोक्याला खूप ताण दिला. "नाव नाही आठवत हो," ती शेवटी म्हणाली. "पहिल्यापासूनच म्हणतात सगळे."

ठिणगीने चादर आणखी जवळ ओढली. दिवा थोडा वर घेतला, ताकद ठरवली. रागाने तिचा हात थरथरत होता. पण फ्लॅशचा उजेड इतका झटकन येऊन जातो, की हाताची थरथर फोटोत उतरत नाही. तिने बटण दाबलं.